लिस्बनला निघण्यापूर्वी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात तू आणि वहिनी लिस्बनला जाणार हे वाचून फार आनंद झाला. प्रवास कंपनीने आखून दिलेला कार्यक्रमही तू सोबत पाठवलास. सकाळी किल्ला, दुपारी मनोरा, रात्री फादू या पोर्तुगीज लोकगीतांची मैफल आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच जवळचे सिंत्रा गाव, अशी जी धावपळ त्यात मांडली आहे, तिच्यात लिस्बन पाहायला सवडच राहत नाही. हे शहर कसे पाहावे याबद्दल माझे एक ठाम मत आहे. ते आधी १७५५ सालच्या भूकंपाच्या अंगाने पाहावे आणि मग आपल्या, म्हणजे वसई-गोव्याच्या, किनाऱ्याच्या अंगाने. या दोन बाजू ध्यानात असल्या की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

१ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास चर्चे भाविकांनी भरलेली आणि वेद्यांवर मेणबत्त्या पेटलेल्या असताना जमीन हादरली, छपरे खाली आली, आणि जीव वाचवण्यासाठी टेगस नदीच्या काठच्या मोकळ्या जागेत जमलेल्या लोकांवर थोड्याच वेळात समुद्राच्या लाटा मुखातून आत शिरून कोसळल्या. त्यातून जे राहिले त्याचा घास पुढचे काही दिवस पेटत राहिलेल्या आगीने घेतला. नदीकाठचा राजवाडा, त्यातला ग्रंथसंग्रह आणि त्याच वर्षी उघडलेले नवे ऑपेरागृह, सारे गेले. राजा पहिला जुझे त्या दिवशी शहराबाहेर बेलेंला असल्यामुळे वाचला, पण दगडी भिंतींची त्याला अशी धास्ती बसली की पुढचे सारे आयुष्य त्याने आजुदा टेकडीवर लाकूड आणि कापडाच्या वाड्यात काढले.

म्हणून सुरुवात बाइशा या सखल भागापासून करा. सरळ रेषेत आखलेले रस्ते, एकसारख्या उंचीच्या इमारती आणि सोनार, चांदीकाम करणारे, चांभार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पाहून हा भाग पहिल्यांदा थोडा रुक्ष वाटेल, आणि बरेचसे पर्यटक इथे केवळ खरेदीला थांबतात. मला मात्र साऱ्या शहरात हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. पोंबाल या मंत्र्याने सत्ता हाती घेऊन कारभार हाकला हे सर्वांना ठाऊक असते. पण ज्याचे नाव फारसे कोणी घेत नाही तो मानुएल द माया हा मुख्य अभियंता तेव्हा ७८ वर्षांचा होता. शहर जसे होते तसेच पुन्हा बांधावे, रस्ते रुंद करून बांधावे, की सारे सपाट करून नव्याने आखावे, अशा पर्यायांचा साधकबाधक विचार त्याने लिहून काढला आणि अखेर नव्या आखणीचा मार्ग स्वीकारला गेला. हाच गृहस्थ तोर्रे दु तोंबु या राजदफ्तराचा प्रमुखही होता. ते दफ्तर ज्या बुरुजात होते तो कोसळला, तेव्हा ढिगाऱ्यातून कागद बाहेर काढून ते सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था त्यानेच केली. गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कने हिंदुस्थानातून राजाला लिहिलेली पत्रे आज त्या दफ्तरात वाचता येतात, त्यांत या म्हाताऱ्याचा वाटा मोठा आहे.

नव्या घरांच्या भिंतींच्या आत लाकडाचा आडव्या-उभ्या-तिरक्या तुळयांचा सांगाडा घातला होता, ज्याला तिथे 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. धक्का बसला तर लाकूड वाकेल, दगड पडेल, पण घर माणसांवर कोसळणार नाही, अशी ती योजना. लाकडी नमुना चौकात उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावले आणि भूकंपाची परीक्षा घेतली, अशी कथाही सांगतात. बाइशातल्या एका बँकेच्या तळघरात, ज्या रस्त्याचे नाव रुआ दुश कुर्रेइरुश आहे तिथे, रोमन काळातली मासे खारवण्याची टाकी आणि पोंबालच्या काळातले लाकडी खांबांचे पाये एकावर एक पाहायला मिळतात. ही फेरी आधी वेळ ठरवून घ्यावी लागते, पण ती चुकवू नका.

तिथून चढून कार्मुच्या मठात जा. १३८९ मध्ये स्थापन झालेल्या या गॉथिक चर्चचे छप्पर भूकंपात पडले. दुरुस्तीला हात घातला गेला, ती अर्ध्यावर थांबली, आणि कमानींचे नुसते सांगाडे आकाशाखाली तसेच राहू दिले गेले. आपण वसईचे असल्यामुळे तुला ते दृश्य अनोळखी वाटणार नाही. किल्ल्यातली बिनछपराची चर्चे पाहतच आपण मोठे झालो. चिमाजी आप्पांनी वसई घेतली ती १७३९ मध्ये, म्हणजे या भूकंपाच्या सोळा वर्षे आधी. लिस्बनच्या दरबाराने उत्तरेकडील आपला सर्वांत संपन्न प्रांत गमावला आणि पुढच्या दोन दशकांच्या आत राजधानीही गमावली, हा हिशेब कार्मुत उभे राहून मांडला तर पोर्तुगीज साम्राज्य नकाशावर दिसते त्यापेक्षा किती तोकडे होते ते कळते.

लिस्बनच्या किल्ल्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. १९३८ ते १९४० या काळात हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने त्याची इतकी डागडुजी केली की जुने कोणते आणि नवे कोणते हे सांगणे कठीण. वरून दिसणारे शहर मात्र सुंदर आहे. त्याच्या उतारावरचे आल्फामा हे जुने मोहल्ले कठीण खडकावर असल्यामुळे बरेचसे तगले, म्हणून त्याच्या वाकड्यातिकड्या बोळांवरून भूकंपापूर्वीचे लिस्बन कसे असेल याची कल्पना येते. २८ क्रमांकाची ट्राम तिथून जाते. गर्दीत खिसा सांभाळा, किंवा भल्या सकाळी बसा.

आता बेलें. भूकंपातून हे टिकले आणि म्हणूनच १६व्या शतकातला पैसा कसा दिसत होता ते इथेच कळते. जेरोनिमुश मठाचे काम १५०१-०२ च्या सुमारास सुरू झाले आणि जवळजवळ शंभर वर्षे चालले. आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर राजा सुमारे विसाव्या हिश्श्याचा जो कर घेई, तो या बांधकामाला लावला होता. दोरखंड, पोवळी, समुद्रवनस्पती असे कोरीवकाम केलेले अंगण पाहून वहिनी हरखून जातील आणि तूही हरखशील, हरखायलाच हवे. पण तो दगड मलबारच्या मिरीवर उभा आहे, हेही तितकेच खरे. आत वास्को द गामाची समाधी आहे. १५२४ मध्ये तो कोचीला मेला, तिथेच पुरला गेला, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले गेले आणि १८८० मध्ये ते या मठात आले. समोर गोव्यात काही काळ काढलेल्या कामोइश या कवीची समाधी आहे.

बेलेंच्या मनोऱ्यावर एका छोट्या बुरुजाच्या तळाशी गेंड्याचे डोके कोरले आहे. झिजून गेले आहे, शोधावे लागते. गुजरातच्या सुलतान दुसऱ्या मुजफ्फरशहाने आल्बुकेर्कला दिलेला गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून लिस्बनला पोहोचला. राजा मानुएलने त्याची हत्तीशी झुंज लावली, पण हत्तीच पळून गेला. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाले आणि बिचारा गेंडाही गेला. जर्मनीत बसून ड्यूरर या चित्रकाराने त्याचे जे प्रसिद्ध चित्र काढले, ते गेंडा न पाहता.

जवळच शोधमोहिमांचे स्मारक आहे, जहाजाच्या नाळेसारखे. ते पक्के बांधले गेले १९६० मध्ये, आणि पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला. त्या पुतळ्यांच्या रांगेकडे हसून पाहिले तरी चालेल. मठाशेजारच्या १८३७ पासूनच्या दुकानातली कस्टर्डची पेस्ट्री गरम असतानाच वर दालचिनी घालून खा. अंड्याचा बलक आणि साखर यांचा असा सढळ वापर गोव्याच्या बेबिंकेत तू चाखला आहेसच. उपाहारगृहात न मागता पाव, ऑलिव्ह टेबलावर ठेवतात. खाल्ले तर पैसे लागतात, नको असेल तर परत पाठवता येते. सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात. आणि फरसबंदीचे पांढरे दगड पावसात फार निसरडे होतात, तेव्हा वहिनींना चांगल्या पकडीचे बूट घ्यायला सांग.

सिंत्राबद्दल विचारशील तर, तिथले राजवाडे देखणे आहेत, पण गर्दीत दिवस जातो. त्याऐवजी काइश दु सोद्रे स्थानकातून नदीकाठाने काश्कैशला जाणारी लोकल घ्या. वाटेत काशियस स्थानक लागते. गोवा मुक्तिसंग्रामातले सांगलीचे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि पुढे त्यांना इथल्या तुरुंगात आणून ठेवले; गोवा मुक्त झाल्यावरही ते सुटले नाहीत, १९६९ उजाडावे लागले. उतरून पाहण्यासारखे तिथे काही नाही, पण गाडी तिथे थांबते तेव्हा हे ठाऊक असलेला एखादा मराठी माणूस डब्यात असावा असे मला वाटते. पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे मान्य केले ते १९७४ च्या क्रांतीनंतर, आणि त्या वर्षीच्या २५ एप्रिलला हुकूमशाहीच्या शेवटच्या पंतप्रधानाने शरणागती पत्करली ती कार्मुच्या मठाला लागून असलेल्या बराकीत. तेव्हा कार्मुला दोन कारणांसाठी वेळ राखून ठेव.

तिकिटांच्या तारखा कळव, म्हणजे बाइशातल्या त्या तळघराच्या फेरीची वेळ कशी ठरवायची ते सविस्तर लिहीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत