ओहोटी शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीला, ठाणे खाडीच्या काठी राहते, बारावी विज्ञानला आहे. आमच्या कॉलेजच्या पालकसभेत एका काकांनी उभं राहून विचारलं, "मुलांना खाडीवर नेऊन चिखल दाखवण्यात प्रॅक्टिकलचा वेळ कशाला घालवता? तेवढ्यात एक पेपर सोडवून झाला असता." बऱ्याच पालकांनी माना डोलावल्या. माझ्या आईनेही. सभेत मुलांना बोलायची सोय नव्हती, म्हणून हे पत्र.

काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आठवीत असताना शाळेने आम्हाला खाडीवर नेलं होतं, तेव्हा वेळ खरोखरच वाया गेला होता. सगळ्या तुकड्या एकदम, बसगाड्यांची रांग, शाळेच्या नावाचा फलक, डोक्यावर टोप्या. पोहोचलो तेव्हा भरती पूर्ण चढलेली. म्हणजे दिसलं काय, तर पाणी आणि पाण्यातून वर आलेले तिवरांचे, म्हणजे खारफुटीच्या झाडांचे, शेंडे. माहिती सांगणारे दादा मन लावून बोलत होते, पण तिसऱ्या रांगेच्या मागे एक शब्द पोहोचत नव्हता. मग वडापाव, मग फोटो, मग शिट्टी. परतीच्या बसमध्ये झेरॉक्स वाटली : 'आजच्या भेटीतून मी काय शिकलो/शिकले? दहा ओळींत लिहा.' एका हुशार मुलीने लिहिलं, बाकीच्यांनी ते उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिला तास गणिताचा. खाडीचा विषय वर्गात पुन्हा कोणी काढलाच नाही.

अशी भेट बंद केली तरी कोणाचं काही बिघडणार नाही. पण अकरावीत त्याच खाडीवर जे झालं ते वेगळं होतं, आणि ते वेगळं का होतं हे काकांना (आणि आईला) सांगायचं आहे.

सुरुवात प्रयोगशाळेत झाली. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल स्लाइडवर घेऊन त्यावर मिठाच्या घट्ट पाण्याचा थेंब टाकायचा, हा प्रयोग विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने केलेला असतो. काही मिनिटांत पेशीतला जांभळा भाग भिंतीपासून सुटतो आणि आक्रसून मध्ये गोळा होतो. पेशीतलं पाणी बाहेर गेलं, प्लाझमोलिसिस झालं, आकृती काढा, खाली नावं लिहा, संपलं. जीवशास्त्राच्या मॅडमनी मात्र वही तपासता तपासता सहज विचारलं, "मग आपल्या खाडीतलं तिवर रोज दोनदा खाऱ्या पाण्यात उभं राहतं, ते कसं वाळत नाही?" उत्तर दिलंच नाही. म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात झाडालाच विचारू.

इथे अडचण आली. आमच्या बॅचचं प्रॅक्टिकल मंगळवारी अकराला. त्या मंगळवारच्या आसपास अमावास्या होती आणि अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमाराला असते. म्हणजे पुन्हा आठवीसारखे नुसते शेंडे बघून परत यायचं. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचे आजोबा दिवागावातले, अख्खा जन्म खाडीत जाळी टाकलेली. तिने त्यांना विचारलं तर त्यांनी मोबाइल न बघता सांगितलं : तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. खाडीत आत पाणी पोहोचायला जरा उशीर लागतो, तेवढं धरायचं. मला म्हणाले, "बाय, अष्टमीला सहा, येवढं ध्यानात ठेव म्हंजे झालं."

मग आम्ही कालनिर्णय उघडून बसलो. षष्ठीला भरती साडेचारच्या सुमाराला, म्हणजे त्याआधीची ओहोटी सकाळी सव्वादहाच्या आसपास. मॅडमनी रसायनशास्त्राच्या सरांशी बोलून प्रॅक्टिकलची अदलाबदल केली. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण कॉलेजात वेळापत्रक हलवणं म्हणजे काय असतं हे शिक्षकांनाच विचारा.

एकच बॅच होती. रिक्षांनी गेलो. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आमच्यापासून इतकं जवळ आहे की बस करायची गरजच नाही. शिवाय तिथे स्वच्छतागृह आहे, ही मुलींच्या दृष्टीने काही लहान गोष्ट नव्हे.

पाणी उतरलं होतं. तिवरांच्या बुंध्याभोवती पेन्सिली उभ्या रोवून ठेवाव्यात तशी श्वसनमुळं (हवा घेण्यासाठी वर वाढणारी मुळं) चिखलातून वर आलेली, आणि त्यांच्यात अडकलेल्या वेफर्सच्या पिशव्या नि थर्माकोलचे तुकडे. चिखलाला जरा वेळ नुसतं बघत राहिलं की तो हलायला लागतो. बारीक खेकडे बिळांतून निघाले होते. नराचा एक आकडा अंगापेक्षा मोठा, तो उंच करून हलवत होता. दुसरा आकडा अगदी इवलासा, त्याने चिखल उचलून तोंडात घालणं चालू. निवट्या तर पंखांवर रेटा देत सरपटत होत्या. मासा असून पाण्याबाहेर कसा, हा प्रश्न कोणी विचारायच्या आतच एकीने डबक्यात उडी घेतली.

तिवराच्या पानावर मिठाचे पांढरे कण होते. मॅडमनी बोटाने पुसून बघायला सांगितलं, आमच्यातल्या एकाने पान थेट चाटलं. खारट! (खाडीचं पाणी किती घाण आहे ते पाहता हे कोणी करू नये.) पानांवरच्या ग्रंथींतून झाड मीठ बाहेर टाकतं, हे पुस्तकात एका ओळीत आहे. ती ओळ मी आधी वाचली होती, पण ऱ्हिओची आक्रसलेली पेशी आठवत असताना ते कण बोटावर घेतल्यावर तिचा अर्थ लागला.

आणि आता काकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. शिकणं खाडीवर संपलं नाही. परत आल्यावर मॅडमनी पूर्ण तास घेतला. बहुतेक मीठ मुळांपाशीच अडवलं जातं, जे आत येतं त्यातलं काही पानांतून बाहेर टाकलं जातं, आणि पेशी आपला रस पुरेसा दाट ठेवते म्हणून पाणी बाहेर न जाता आत येतं. हे चिखलात उभं राहून कळलं नसतं. त्याला फळा लागतो, आकृती लागते, शांतपणे बसायला बाक लागतो. 'चार भिंतींच्या बाहेरचं शिक्षण' वगैरे भाषणं ऐकली की मला म्हणूनच कंटाळा येतो. भिंती हव्यातच की.

त्याच तासाला आणखी एक गंमत झाली. श्वसनमुळांचं उदाहरण म्हणून आमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ऱ्हायझोफोरा, म्हणजे कांदळ, दिलेलं आहे. नीटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असतं. पण आम्ही पाहिलेली श्वसनमुळं होती तिवराची. मॅडमनी कांदळाचे फोटो दाखवले, तर त्याची मुळं खोडातून निघून कमान करून चिखलात टेकणारी, आधार देणारी. वरच्या दिशेने वाढणाऱ्या श्वसनमुळांसाठी तिवर आणि चिपी (हीसुद्धा खारफुटीच) ही नेमकी उदाहरणं. (पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष, म्हणजे राज्याचं खारफुटीचं झाड, आहे, हेही तेव्हाच कळलं.) आम्ही विचारलं, परीक्षेत काय लिहायचं? मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, पुस्तकात आहे तेच. मी तेच लिहिलं, गुणही मिळाले.

आजोबांचं गणितही वर्गात आलं. सातवीच्या भूगोलात आम्ही पाठ केलं होतं की दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. म्हणजे भरती रोज ५० मिनिटं पुढे सरकते. आजोबांच्या पाऊणपटीने ती ४५ मिनिटंच सरकते. मग खरं कोणाचं? भौतिकशास्त्राच्या सरांनी यावर फळा भरून काढला. तोंडी करायचं गणित आहे म्हणून ते सोपं ठेवलेलं, पंधरवड्याच्या अखेरीस तासाभरापर्यंत फरक साठू शकतो. पण होडी काढायची की नाही हे ठरवायला तेवढं पुरतं. सातवीत पाठ केलेलं ते १२ तास २५ मिनिटं मी पहिल्यांदाच कशासाठी तरी वापरत होते.

ठाणे खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे सामान्यज्ञानाच्या पेपरात येतं. त्याच खाडीत शहरांचं सांडपाणी येतं, त्यातून फ्लेमिंगोंचं खाद्य असलेलं शेवाळ वाढतं, आणि फ्लेमिंगो इतके येण्यामागे हे एक कारण सांगितलं जातं, हे मात्र कोणी विचारत नाही. पाणी स्वच्छ केलं तर पक्षी कमी होतील का, यावर आमच्या वर्गात जोरदार भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत, त्यांनी गावातल्या जाणत्या कारागिरांकडे शिकावं, असं म्हटलं आहे. माझा धाकटा भाऊ सातवीत आहे. त्याच्या शाळेत दप्तराविना दिवस म्हणजे चित्रकला स्पर्धा आणि भेळ. भेळेला माझा विरोध नाही. पण ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी इथल्या शाळांच्या दारात खाडी आहे आणि तिची नाडी ओळखणारी माणसं गावठाणात आहेत. त्यांना वर्गात बोलवा, मानधन द्या.

नेताना एक वर्ग न्या, अख्खी इयत्ता नको. पंचमी-षष्ठी बघून सकाळी दहाच्या सुमाराला न्या, आणि त्या आठवड्यापुरतं वेळापत्रक हलवा. पालकांना एकच विनंती : संमतिपत्रावर सही करण्याआधी बस किती वाजता येणार एवढंच विचारू नका, आधीचा तास कधी झाला आणि परत आल्यावरचा कधी आहे, हेही विचारा. त्याचं उत्तर मिळालं नाही तर सही करू नका, मुलाला घरी बसून पेपर सोडवू द्या.

आपली,
बारावी विज्ञानची एक विद्यार्थिनी,
ऐरोली, नवी मुंबई