मालकांना बिल

सोलापूर, 18 जानेवारी

प्रिय नाग्या,

दिवाळीनंतर एक ओळ नाही, तेव्हा शिव्या आधीच घालून घे. आईचे गुडघे तसेच, बाकी सगळे बरे. गड्ड्याच्या जत्रेला एकटाच गेलो. पाळण्यात एकट्या बसलेल्या घोड्याएवढ्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते कळलं.

पत्राचं कारण वेगळंच आहे. मी मालकांची वेबसाईट केली. आपल्याच मालकांची बे! ज्यांच्या कारखान्याच्या दारात पगाराच्या दिवशी आपण दोघं बापांची वाट बघत बसायचो, त्यांची. थोरले आता नुसते खुर्चीत बसतात, धाकटे सगळं बघतात. त्यांना चादरी, टॉवेल ऑनलाईन विकायचेत.

24,000 सांगितले. सांगतानाच आवाज बसला. धाकटे म्हणाले, "घरचं काम आहे, किती कमी करतोस?" तोंडातून 18,000 निघून गेले. दिसतोय ना तुला मी? निम्मे आगाऊ मिळाले. मग एकेका चादरीचे आठ रंग, मोबाईलवर काढलेले फोटो, एकेक सहा एमबीचा. सगळे लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलले, तेव्हा कुठे पान उघडायला लागलं. ऑनलाईन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेची केवायसी अडली, कारण पॅन थोरल्यांचं नि खातं फर्मचं. पहिल्या पानावरचा मोर तीनदा हलवला. किती वेळा बदलून देणार ते आधी लिहून घ्यायला हवं होतं. "एवढंच जरा" आता मला झोपेतही ऐकू येतं.

डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, मात्र त्यांच्याच नावावर घेतलं. गॅदरिंगच्या साईटचं डोमेन तू स्वतःच्या नावावर घेतलंस, रिन्यू करायला विसरलास आणि पुढच्या वर्षी तिथे पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात झळकली. तेव्हा तुला जे बोललो, त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही.

पण माझी चूक त्याहून मोठी. त्यांना संक्रांतीला साईट सुरू करायची घाई, आणि मी उरलेले पैसे येण्याआधीच ती चाचणीच्या लिंकवरून उचलून खऱ्या डोमेनवर टाकली. संक्रांत माझ्यावरच आली. 9,000 अडकले. बिल व्हॉट्सअपवर गेलंय, निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

बाबांना कळलं. "मालकांना तगादा लावायचा नाही," एवढंच म्हणाले. ते अजून मालकांची गाडी दिसली की सायकलवरून उतरतात बे. आणि तुझ्या अण्णांनी बोनससाठी एकदाच आवाज चढवला नि आठवड्यात त्यांचे माग दुसऱ्याला गेले. म्हणून तुलाच लिहितोय. पैशांची आठवण करून देणारा मेल चारदा लिहून खोडला. 'आदरणीय' लिहिलं की भीक मागतोय असं वाटतं, नुसतं 'नमस्कार' लिहिलं की बाबा मागे उभे आहेत असं.

परक्याकडून पैसे घेणं सोपं. एका फ्रीलान्स साईटवर 43 प्रस्ताव टाकल्यावर टेक्सासच्या एका दंतवैद्याचा बिघडलेला फॉर्म मिळाला, 150 डॉलर. पैसे आधीच साईटकडे जमा. त्याने काम मंजूर केलं की कमिशन कापून माझे. बँकेनं फक्त पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते, विचारला, कुणाचा मुलगा ते नाही. त्याची दुपार म्हणजे माझी मध्यरात्र, म्हणून घरात पुन्हा रातपाळी आलीय. परवा आई झोपेतच म्हणाली, "डबा घेतला का?"

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? पोरगी चालते का आता? वहिनींना शेंगाचटणी पाठवतोय, कडक भाकरी तू येऊन घेऊन जा. हुतात्मा एक्सप्रेस काय रोजच आहे.

हां, काल धाकट्यांचा माणूस दोन टॉवेल देऊन गेला. "साईट झकास," म्हणाला. पैशाचं काही नाही. बाबांनी टॉवेल उलटापालटा करून चाचपला आणि म्हणाले, "वीण सैल सोडलीय." पुडकं तसंच कपाटावर आहे.

सोमवारी सकाळी मेल पाठवतोय. दहाला फोन करून विचार. पाठवला म्हणालो तर स्क्रीनशॉट माग.

तुझा,
सिद्धू