एक-चौदाच्या उताऱ्यातला खाजनाचा रकाना

संपादक महोदय,

झोन बदलाच्या जाहीर सूचना मी अग्रलेखाच्या आधी वाचतो. नोकरी जमिनी मोजण्यात गेली, त्यामुळे सर्व्हे नंबर दिसला की डोळा तिथेच अडतो. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०२४ साली मालकाच्या अर्जावरून जमिनीचा झोन बदलू देणारे ३९-अ कलम आल्यापासून वाचायला भरपूर मिळते. गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, आज जमीन कोणत्या झोनमध्ये आहे आणि मालकाला ती कोणत्या झोनमध्ये हवी आहे, एवढे सगळे छापलेले असते. हरकतींसाठी ३० दिवस. पावसात त्या जमिनीवर पाणी कुठून येते आणि कुठे जाते, याबद्दल मात्र अवाक्षर नसते.

त्यासाठी कोणा सल्लागाराला नेमायलाही नको. आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यात, जिरायत, बागायत, तरी (भातशेती) यांच्या पंगतीला खाजन, केर आणि मोरड असे आणखी तीन रकाने आहेत. मोरड म्हणजे डोंगराच्या पायथ्याची, निव्वळ पावसावरची शेती. केर त्याखालची, रेताड. आणि खाजन सगळ्यांत खाली, खाडीला बांध घालून राखलेली, पुष्कळ ठिकाणी भरतीच्या पातळीच्याही खाली. जुने वाडे कुठे वसलेत ते पाहा. डोंगराच्या कुशीला, मोरडाच्या वर. खाजनात घर बांधायचे कोणाच्या मनातही येत नसे, आणि त्यासाठी कायदा करावा लागला नव्हता.

खाजनाचे काम कसे चालते ते नव्या पिढीला कोणी सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बांधात मानस, म्हणजे पाणी ये-जा करण्याची वाट, असते, तिला लाकडी दारे. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच दारे मिटतात, खारे पाणी आत शिरत नाही. ओहोटी लागली की आतले गोडे पाणी त्यांना बाहेर ढकलते आणि वाहून जाते. मधले काही तास दारे बंद आणि वर मुसळधार पाऊस, अशा वेळी डोंगरावरून उतरलेले पाणी थांबते कुठे? पोंयीत, म्हणजे बांधाच्या आतल्या पाणी धरणाऱ्या खोलगट भागात, आणि शेतांत. ती थांबण्याची जागा हाच या व्यवस्थेचा प्राण. मानशीवरच्या मासळीची पावणी (लिलाव) व्हायची, त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. आता कित्येक ठिकाणी पावणी तेवढी चोख होते, डागडुजीचे विचारू नका.

पणजीत पाणी तुंबले की आपण गटारांना शिव्या घालतो. स्मार्ट सिटीच्या नावाने रस्ते खणून खणून आपण धूळ खाल्ली, नवी गटारेही आली. ती असावीत, माझी तक्रार नाही. पण गटार कितीही रुंद केले तरी त्याचे तोंड शेवटी मांडवीत, नाहीतर सांतिनेजच्या नाल्यात. मांडवीला दिवसातून दोनदा भरती येते. त्या वेळी नदी पाणी घेत नाही, आणि पाणी धरून ठेवणारी शेते आपण भरून टाकलेली. पणजीतल्याच पाटोचा परिसर तर दलदल भरूनच उभा राहिला. सांतिनेजचा नाला ज्या ताळगावच्या शेतांचे पाणी आणतो, तिथे दरवर्षी ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त, नव्या भाताचा सण, थाटात होते आणि शेतांच्या कडेने इमारती पुढे सरकत राहतात. मी रायबंदरला राहतो. पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये पणजीहून इथवरचा रस्ता खाजनांतून, मिठागरांतून आणला, तेव्हा पाण्यासाठी खाली कमानी ठेवल्या. त्यांना आपल्या प्रजेचा फार कळवळा होता असे नव्हे, पण पाण्याशी वैर परवडणार नाही एवढे कळत होते.

माझ्या पुतण्याने अशाच भरलेल्या जागेवरच्या इमारतीत फ्लॅट घेतला. "काका, खाली नुसते पार्किंग आहे, पाणी आले तरी आपले काय जाते?" त्याचे काही जात नाही, खरेच. त्याच्या कंपाउंडला भरावामुळे मिळालेली उंची शेजारच्या कौलारू घराच्या उंबऱ्यात पाणी होऊन येते.

कायदा नाही म्हणावे, तर तोही आहे. कलम १७-अ नुसार डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला आधी परवानगी लागते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या कृतिदलाने घडवलेल्या प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये भातशेती आणि खाजने 'इको-१' या, बांधकामाला मज्जाव असलेल्या वर्गात घातलेली आहेत. पुढे आराखड्यातल्या 'अनवधानाने झालेल्या चुका' सुधारण्यासाठी म्हणून २०२३ साली १७(२) कलम आले. त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ३९-अ मात्र तेव्हा उभेच राहिले. चुका एकेका प्लॉटच्या मापाच्या कशा निघतात, हे भूमापनात केस पांढरे करूनही मला उमगलेले नाही.

माझी मागणी लहान आहे. झोन बदलाच्या प्रत्येक सूचनेत त्या सर्व्हे नंबरचे खाजन, केर आणि मोरड हे तीन रकाने जसेच्या तसे छापावेत, आणि जवळची मानस व पोंय नकाशावर दाखवावी. पणजी-ताळगावचा बाह्य विकास आराखडाही आधी या रकान्यांवरून रंगवावा, रस्ते आणि एफएआर (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) मागाहून. मोरडावर, डोंगराच्या उताराला धक्का न लावता, वस्ती दाट करता येईल. खाजनात नाही.

सरकार हे करीपर्यंत वाचकांनी थांबू नये. एक-चौदाचा उतारा सरकारच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. आपल्या गावची सूचना आली की सर्व्हे नंबर घालून रकाना बघा. हरकतीत 'पर्यावरणाची हानी होईल' असे मोघम लिहू नका, त्याला मोघमच उत्तर मिळते. खाजनाखाली किती चौरस मीटर लिहिलेले आहे तो आकडा द्या, उतारा जोडा, भरतीच्या वेळी पाणी उभे असतानाचा फोटो असल्यास तोही. आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्यायला विसरू नका.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेअर
रायबंदर, तिसवाडी