पहिले पंधरा दिवस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी आलं. सुटकेची तारीख पक्की झाल्याचं वाचलं आणि पत्र घडी करून खिशात ठेवून दिलं. आईला दुपारी सांगितलं. तिने कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला, शाई नीट उमटेना म्हणून पुन्हा गिरवला, आणि काही न बोलता तुझ्या खोलीची खिडकी उघडायला गेली.

हे पत्र आनंदाचं लिहायचं असं ठरवून बसलोय. ताईने बजावलंही आहे, बाबा, या वेळी शिकवणी नको.

तर आधी तुझ्या सरांबद्दल. तू त्यांना स्पॉन्सर म्हणतोस, म्हणजे नशा सोडताना हात धरणारा, त्याच वाटेने आधी गेलेला सोबती, पण माझ्या तोंडी तो शब्द बसत नाही. पहिल्यांदा त्यांच्याबद्दल लिहिलंस ते पत्र मी जपून ठेवलंय. दर बुधवारी एक माणूस येतो, स्वतः याच तुरुंगात राहून गेलेला, आता अकरा वर्षं क्लीन आहे, आणि त्याने मला का केलंस असं विचारलंच नाही, आज रात्री झोप लागेल का एवढंच विचारलं, असं तू लिहिलं होतंस. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. कारण मी चार वर्षं तुला तोच एक प्रश्न विचारत होतो. का? कधी ओरडून, कधी हात जोडून. झोपेचं मला सुचलं नाही.

तुमच्या बारा पायऱ्यांपैकी पाचवीला, जिथे आपल्या चुका दुसऱ्यासमोर कबूल करायच्या असतात, तू त्यांच्यासमोर तीन तास बोललास. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला. मला तू तीन मिनिटंही कधी सांगितलं नसतंस. आणि मी तरी ती तीन मिनिटं मध्ये न बोलता ऐकली असती का?

त्यांनी तुम्हाला सांगितलेली कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेन्टिन तुरुंगाची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. १९४२ मध्ये, क्लिंटन डफी वॉर्डन असताना, त्या तुरुंगात कैद्यांची अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांची, मीटिंग सुरू झाली. अमली पदार्थ सोडणाऱ्यांच्या तुमच्या नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसचा जन्मसुद्धा त्यानंतरचा, १९५३ चा. इतक्या वर्षांपासून माणसं गजाआड गोल करून बसतात आणि एकमेकांना खरं सांगतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आईने विचारलं, म्हणजे आपला एकटाच नाही ना? तुला ती किती एकटा समजत होती, ते मला त्या दिवशी कळलं.

आता आजोबांच्या घड्याळाचं. तू भरपाईबद्दल लिहिलंस. बाळा, ते गेलं त्याच दिवशी मला कळलं होतं. खण उघडला, रिकामी डबी दिसली, आणि मी आईला सांगितलं की घड्याळ दुरुस्तीला टाकलंय. दोन वर्षं ते दुरुस्तीतच होतं. नार-अनॉनच्या, म्हणजे व्यसनात अडकलेल्यांच्या घरच्यांच्या, मीटिंगला जायला लागल्यावर मी हे पहिल्यांदा मोठ्याने बोललो. खोटं तू एकटाच बोलत नव्हतास. तू यादी केलीस तशी मीही एक केली आहे. भेटल्यावर वाचून दाखवीन. पत्रात जमणार नाही.

सुटल्यावरचे पहिले पंधरा दिवस. हे लिहायचं नव्हतं, तरी हात तिकडेच गेला.

आत गेल्यावर पहिल्या आठवड्यात तू टर्की, गर्द बंद झाल्यावरचा तो त्रास, कशी काढलीस, अंग मोडत होतं, उलट्या थांबत नव्हत्या, रात्रभर पाय झाडत होतास, ते सगळं तू लिहिलं होतंस. तुला वाटत असेल सर्वांत अवघड ते होतं. पण मीटिंगमध्ये एक डॉक्टर आले होते. ते म्हणाले, इतके महिने शरीर कोरडं राहिलं की गर्द पचवायची सवय उतरते. डोकं मात्र जुनंच माप लक्षात ठेवतं. पूर्वी जेवढं घेऊन माणूस चालत घरी यायचा, तेवढ्यानेच आता श्वास थांबतो. २००७ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला एक अभ्यास छापून आला. तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा. पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर लोकांच्या १२९ पट. जन्मभर आकड्यांत काम केलं, पण हा एक आकडा डोक्यातून जात नाही. रात्री उठून पाणी प्यायलो की तोच.

पाहा, झालीच शिकवणी सुरू. माफ कर. तुला हे सगळं सरांनी माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा नीट सांगितलं असणार.

तू चार वर्षांचा असताना तुला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, मिनिटाला चाळीसच्या वर श्वास गेले तर लगेच घेऊन या. मी रात्रभर घड्याळ, तेच आजोबांचं, हातात धरून तुझी छाती वरखाली होताना मोजत होतो. अडतीस. छत्तीस. पहाटे तीसवर आलास तेव्हा आईला उठवलं. आता नॅलॉक्सोन, गर्दची अतिमात्रा झाली तर द्यायचं औषध, कसं द्यायचं ते शिकवताना त्यांनी पुन्हा श्वासच मोजायला लावले. या वेळी भीती ते मंदावण्याची. नाकात फवारा मारायचा, मदत बोलवायची, कुशीवर वळवायचं, आणि सोबत सोडायची नाही, कारण औषधाचा असर गर्दच्या आधी उतरू शकतो. ताईही शिकली. ते घरात ठेवतोय म्हणजे तुझ्यावर विश्वास नाही असं समजू नकोस. विश्वास आहे. भीतीही आहे. मला दोन्ही एकदम होतात, त्याला मी काय करू?

अठरा महिने तू आत राहून क्लीन आहेस. आत काहीच मिळत नाही असं लोकांना वाटतं, पण मिळतं हे तूच लिहिलंस, आणि शेजारच्याने पुढे केलेली पुडी परत दिल्याचंही. ती ओळ मी किती जणांना सांगितली! तुझ्या काकांना दोनदा.

सरांचा फोन आला होता. सुटकेच्या दिवशी गेटवर तेही येणार आणि तुला तिथून थेट मीटिंगला नेणार. मी म्हटलं, आधी घरी येऊ दे, आई वाट पाहते आहे. ते शांतपणे म्हणाले, आधी मीटिंग. मला राग आला, मग संध्याकाळी मीच फोन करून हो म्हटलं. तू आत बसशील तेवढा वेळ मी बाहेर थांबेन. कितीही वेळ लागू दे.

एवढंच कर, मन ओढलं की पहिला फोन त्यांना. माझा नंबर दुसरा असला तरी चालेल. आणि चूक झालीच तर लपवू नकोस, दार आतून लावून घेऊ नकोस. तुझ्या कपाटाला मी घातलेलं कुलूप काढलंय. बाथरूमची कडीही काढलीय. वाईट वाटलं तर भांड माझ्याशी, पण थोडे दिवस तशीच राहू दे.

तुझा,
बाबा

ता. क. तुझा तो जुना मित्र परवा दारात येऊन तारीख विचारून गेला. मी सांगितली नाही. तूही कळवू नकोस, निदान ते पंधरा दिवस. आणि आई विचारते आहे, कंबर किती झाली? जुन्या पँटी आता घट्ट होतील असं तिला तुझ्या फोटोवरून वाटतंय. तसं असेल तर फार बरं होईल.