हॉप्सच्या वेलाला पहिल्या वर्षी कात्री लावू नका

मा. संपादक,
नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या बागेत हॉप्स (ज्याची फुलं बिअरमधे घालतात तो वेल) कसे लावायचे यावर लेख आला होता. चांगलं लिहिलंय, पण ते सगळं थंड देशातलं गणित आहे, आणि आमच्या जुळे सोलापुरात ते वाचून लोक कंद ऑनलाइन मागवालेत म्हणून हे लिहितोय.

मार्चमधे लावा आणि दिवसभर ऊन द्या, हे युरोपात ठीक. इथं मार्च संपता संपता पारा चाळीसकडं जातो आणि नुकतं फुटलेलं कोवळं शेंड गच्चीवर करपून जातं. माझं मत विचाराल तर जूनमधे पहिला पाऊस पडला की लावा, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल अशी पूर्वेची भिंत बघा. आपली काळी माती नुसतीच भरू नका, पावसात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात, त्यात निम्मं तरी शेणखत आणि वाळू पाहिजे. कुंडीत लावणार असाल तर निदान ५० लिटरचा ड्रम घ्या, खाली भोकं पाडून.

आता मुख्य मुद्दा. लेखात लिहिलंय की दोन-तीन जोरदार कोंब ठेवा, बाकीचे छाटा. हे दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी वेल वर दिसतो त्यापेक्षा जास्त काम खाली चाललेलं असतं, जितकी पानं तितकं अन्न कंदात साठणार, म्हणून जेवढे कोंब येतील तेवढे सगळे वर चढू द्या आणि वेल आपोआप पिवळा पडून वाळेपर्यंत कापू नका. चढवायला काथ्याची दोरी घ्या, नायलॉनची नको, कारण हॉप्सला द्राक्षासारखे ताणे नसतात, खोडावरचे बारीक खरखरीत केस अडकवत तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळत जातो. उलटा गुंडाळलात तर सुटून खाली येतोय.

पाण्याचं म्हणाल तर नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात रोज भरपूर पाणी द्या म्हणणं सोपंय! थोडं थोडं द्या, पण मूळ कोरडं पडू देऊ नका, वर उसाच्या पाचटाचा चांगला जाड थर टाका. बोअरचं पाणी फार क्षाराचं असेल तर पानांच्या कडा जळतात, तेव्हा पावसाचं साठवून ठेवा.

उन्हाळ्यात खरा वैरी लाल कोळी ही बारीक कीड. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले की पान उलटं करून बघा, शिरांच्या कडेला बारीक जाळी आणि टाचणीच्या टोकाएवढे हलणारे ठिपके दिसतील. सुरवातीलाच खालून पाण्याचा फवारा मारा आणि संध्याकाळी निंबोळी तेल. पावसाळ्यात भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग, ते नान्नजच्या द्राक्षवाल्यांना सांगायला नको.

आणि फुलांचं. कोन, म्हणजे हॉप्सची शंकूसारखी फुलं, फक्त मादी वेलाला येतात आणि पहिल्या वर्षी आले तरी मूठभर, पूर्ण पीक थंड देशातसुद्धा तिसऱ्या वर्षाच्या आसपास. आपल्याकडं त्यातूनही कमी धरा, कारण हॉप्सला उन्हाळ्यात लांब दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते, म्हणून आपल्या देशात त्याची शेती झाली ती हिमाचलातल्या लाहौलसारख्या थंड भागात. सोलापूरचा जूनमधला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या जरासा वर, आणि डिसेंबरातली थंडी स्वेटरपुरती. मोठा होण्याआधीच चार कोन धरून वेल थांबला तर खत वाढवत बसू नका, दिवसच लहान पडतोय त्याला. हिरवा मांडव म्हणून लावणार असाल तर जरूर लावा, किलोनं कोन काढायचे मनसुबे असतील तर पैसे वाचवा.

घरात कुत्रा असेल तर गळालेले कोन वेचून टाका, कुत्र्यानं खाल्ले तर अंगात भयंकर ताप चढतो, जिवावर बेततं. हे तेवढं पुढच्या रविवारी चौकटीत छापा.

– एक वाचक, जुळे सोलापूर