शासकीय पुस्तकांवरची ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ बदला: मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

शासनाने काढलेली कितीतरी मराठी पुस्तके आज पीडीएफ रूपात फुकट उतरवून घेता येतात. हे काम ज्यांनी केले त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण फुकट वाचता येणे वेगळे आणि कायदेशीरपणे वापरता येणे वेगळे. पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘सर्व हक्क राखीव’ असे छापलेले असते, नाहीतर हक्कांबद्दल चकार शब्द नसतो. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे दोन्हींचा अर्थ एकच निघतो: परवानगीशिवाय पुनर्मुद्रण नको, भाषांतर नको, नेटवर पुन्हा ठेवणे नको. गावातल्या वाचनालयाला निवडक प्रकरणांची पुस्तिका छापायची असो, कुणाला अख्खे पुस्तक आवाजात वाचून ध्वनिफीत सर्वांसाठी ठेवायची असो किंवा स्वयंसेवकांना ते विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड असलेल्या मुक्त ग्रंथालयावर, टंकून काढायचे असो, सगळे तिथेच अडतात.

मुदत संपेपर्यंत थांबायचे म्हटले तर कलम २८ प्रमाणे शासकीय कृतीचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. नुसती वाट पाहिली तर तो १ जानेवारी २०३७ रोजी सर्वांचा होईल आणि त्यानंतरचे खंड त्याहून उशिरा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून ज्या वाचकासाठी हे काम उभे केले, त्याला आणखी इतकी वर्षे थांबवू नये.

थांबण्याची गरजही नाही. हक्क शासनाचे आहेत, तेव्हा परवाना देण्याचा अधिकारही शासनाचाच आहे. कलम ३० नुसार हक्कधारक लेखी परवाना देऊ शकतो. आपल्या विभागाने एक शासन निर्णय काढून आपल्या अखत्यारीतल्या प्रकाशनांना क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० हा तयार खुला परवाना (‘श्रेय द्या, त्याच अटींवर पुढे द्या’) लावावा, एवढीच आमची मागणी आहे. यात कॉपीराइट शासनाकडेच राहतो. वापरणाऱ्याने श्रेय द्यायचे, परवान्याचा दुवा द्यायचा, बदल केले असतील तर तसे सांगायचे आणि बदललेली कृतीही त्याच परवान्याखाली खुली ठेवायची. मात्र अटी पाळणाऱ्यांकडून हा परवाना नंतर काढून घेता येत नाही. निर्णयावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला हे आधीच ठाऊक असावे.

अशा निर्णयांचे मसुदे बहुधा दोन ठिकाणी बिघडतात. पहिली चूक म्हणजे ‘विकिपीडियाला वापरण्यास परवानगी आहे’ असे पत्र देणे. हेतू चांगला, उपयोग शून्य. फक्त स्वतःपुरती मिळालेली परवानगी विकिपीडिया आणि विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियाचे चित्रे व फाइलींचे भांडार) स्वीकारत नाहीत, कारण तिथला मजकूर पुढे कोणालाही घेता आला पाहिजे हा त्यांचा नियमच आहे. त्या पत्राच्या भरवशावर चढवलेल्या फाइली वगळल्या जातात.

दुसरी चूक अधिक मोहाची आहे. परवान्यात ‘अव्यावसायिक वापरासाठीच’ असे घातले की शासनाचा माल कुणी विकून खाणार नाही, असे वाटते. पण व्यवहारात हा शब्द कुणाला अडवतो ते पाहा. तालुक्याच्या बसस्टँडसमोरचा झेरॉक्सवाला एका विद्यार्थ्यासाठी ४० पाने काढून, स्पायरल घालून, पैसे घेऊन देतो. तो व्यवसाय झाला की नाही? जाहिराती घेणारे जिल्ह्याचे साप्ताहिक, वर्गणीवर चालणारा दिवाळी अंक, पुस्तके वाचून ध्वनिफिती ठेवणारा आणि त्यांआधी जाहिरात लागणारा माणूस, हे सगळे त्या शब्दापाशी बिचकतात. विकिपीडियाही हा परवाना घेत नाही. एखाद्या प्रकाशकाने शासनाचे पुस्तक छापून विकलेच, तरी त्याची मक्तेदारी होत नाही. तोच मजकूर दुसरा कोणीही स्वस्तात छापू शकतो. विक्रीच्या उत्पन्नाची काळजी असेल तर नव्या पुस्तकांना दोन वर्षांनी परवाना लावावा. तेवढी सवलत आम्हाला रास्त वाटते.

आता खरे जिकिरीचे काम. प्रत्येक पुस्तकाची हक्कतपासणी करावी लागेल. शासनासाठी तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, शासन असते. हे कलम १७ मध्ये स्पष्ट आहे. पण बाहेरच्या लेखकाने आपले आधीचे पुस्तक छपाईला दिले असेल तर करारपत्र काढूनच पाहावे लागते. लेखी हस्तांतरात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ ती पाच वर्षेच धरते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरते. म्हणजे मोघम करार असेल तर शासनाकडे देण्यासारखे काही उरलेलेच नसेल, आणि लेखकाची किंवा वारसांची नव्याने संमती घ्यावी लागेल. छायाचित्रे आणि रेखाटनांचे हक्क बहुधा वेगळे असतात. त्यांची खात्री होईना तर मजकूर खुला करावा आणि चित्राखाली ‘या चित्राला परवाना लागू नाही’ असे छापावे. एका चित्रापायी सबंध पुस्तक अडवून ठेवू नये.

मरणोत्तर लेखनाचा हिशेब निराळा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन, त्यांच्या निधनानंतरची ६० वर्षे संपल्यावर, १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. पण शासनाने १९७९ पासून काढलेल्या त्यांच्या लेखनाच्या खंडांत जी हस्तलिखिते पहिल्यांदाच छापली गेली, त्यांची ६० वर्षे पहिल्या प्रसिद्धीपासून मोजली जातात. एकाच खंडात दोन्ही तऱ्हेचा मजकूर असू शकतो, म्हणून तपासणी खंडवार न करता लेखवार करावी.

परवाना दिला आणि फाइल निकामी निघाली, असेही व्हायला नको. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची समान सांकेतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमधून ‘मराठी’ हा शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला तर मराठीऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये रूपांतर केले तर पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात. युनिकोडमध्येही एक खोच आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला एक सापडतो तेव्हा दुसरा सापडत नाही. म्हणून छपाईच्या करारातच लिहावे की जुळणीची मूळ फाइल आणि एकाच पद्धतीने टंकलेला युनिकोड मजकूर मुद्रकाने पुस्तकासोबत सुपूर्द करायचा आहे. जुन्या पुस्तकांचे स्कॅन किमान ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) असावे, पान कडेपर्यंत यावे आणि त्यावर पाणचिन्ह नसावे. अक्षरांवरून गेलेल्या पाणचिन्हामुळे यंत्राला अनुस्वार वाचता येत नाहीत, आणि ‘तेथे’ व ‘तेथें’ यांतला भेद जुन्या मजकुरात मोलाचा असतो.

शेजारच्या गोव्यात हे झालेले आहे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोकणी विश्वकोश २०१३ साली याच प्रकारच्या परवान्याखाली खुला केला. २०१५ मध्ये कोकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला, तेव्हा हा मजकूर स्वयंसेवकांच्या हाताशी होता. मराठी विकिपीडिया तर २००३ पासून चालू आहे.

सुरुवात लहान करावी. ज्यांचे हक्क निर्विवादपणे शासनाचे आहेत अशी पन्नास पुस्तके निवडावीत, त्यांची यादी शासन निर्णयाला जोडावी आणि प्रत्येक पुस्तकाच्या श्रेयपानावर व संकेतस्थळावर, उतरवण्याच्या दुव्याच्या अगदी शेजारी, पुढील मजकूर घालावा:

‘© महाराष्ट्र शासन. राजमुद्रा, बोधचिन्हे आणि स्वतंत्रपणे नमूद केलेली चित्रे वगळून हे पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० परवान्याखाली उपलब्ध आहे. श्रेय देताना पुस्तकाचे नाव, लेखक किंवा संपादक, प्रकाशक, वर्ष आणि या परवान्याचा दुवा द्यावा. बदल केले असल्यास तसे नमूद करावे.’

मसुदा तपासायला आणि पहिल्या पन्नास पुस्तकांचे मुद्रितशोधन करायला आम्ही विनामोबदला तयार आहोत.

आपले नम्र,
मराठी पुस्तकांच्या संगणकीकरणाचे काम करणारे स्वयंसेवक