वकील मॅडम, तुम्ही कागद धरला होता

आदरणीय वकील मॅडम,

फोन केला की तुम्ही "अहो भाऊ, ते माझं कामच होतं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून लिहूनच टाकतो. डाव्या हाताने टाइप करतोय, चुका पोटात घाला.

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात मी बावीस वर्षं मंगळसूत्राच्या वाट्या घडवल्या. मानेवाड्याजवळ रिंग रोडवर टेम्पोने मागून उडवलं तेव्हा वय 43. उजवं मनगट चुरलं. बोटं पाचही शाबूत आहेत, पण अंगठा तर्जनीला टेकत नाही. चहाचा कप धरता येतो, चिमटा नाही.

तुमच्याआधी एक वकीलसाहेब होते. नाव कशाला घेऊ? त्यांनी माझा हात कधी पाहिलाच नाही, सर्टिफिकेट तेवढं पाहिलं. 35 टक्के अपंगत्व, म्हणजे 35 टक्के नुकसान. विमा कंपनी तडजोडीत चार लाख देते, घेऊन मोकळे व्हा म्हणाले, कोर्टाच्या पायऱ्या किती झिजवाल? त्यांच्या मुन्शीने तर शाईचं पॅड पुढे सरकवून माझा अंगठाच घेतला. मी दहावी पास आहे मॅडम. अख्ख्या सराफ्यात माझी सही चालायची. पण त्याला घाई होती.

तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं, "भाऊ, हा हात आधी काय काय करायचा?" मग काय, मी सुटलोच. केसासारखी तार कशी ओढायची, जोड झाळताना हात जरा हलला की वाटी कशी वाया जाते, सगळं सांगत बसलो. तुम्ही लिहून घेत होता. मला वाटलं, मॅडमना दागिन्यांची हौस दिसते. माझा सगळा दावा त्यातच होता, हे फार उशिरा कळलं.

सिव्हिल लाइन्सला कोर्टाबाहेरच्या टपरीवर तुम्ही मला सुप्रीम कोर्टाचा 2010 सालचा निकाल सांगितला होता, राजकुमार विरुद्ध अजयकुमार. डावा हात तुटला तर अपंगत्व 60 टक्क्यांच्या आसपास धरतील. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ पूर्ण बुडाली, आणि सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. हात तोच, नुकसान निराळं. मग तिथेच एका बिलाच्या पाठीवर आकडे मांडले. महिना 12,000 (माझ्याकडे कुठली पगाराची स्लिप? घडणावळीच्या जुन्या चिठ्ठ्या तुम्हीच शोधायला लावल्या), वर्षाचे 1,44,000. स्वतःचा धंदा, वय चाळीस ते पन्नासमधलं, म्हणून पुढच्या वाढीचे 25 टक्के धरून 1,80,000. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई जितक्याने गुणतात तो आकडा, 14, झाले 25,20,000. सर्टिफिकेटच्या 35 टक्क्यांनी 8,82,000. पुढे न्यायाधीशांनी कमाई 70 टक्के बुडाली असं मानलं, तेव्हा 17,64,000. दवाखान्याचा खर्च, व्याज आणि वेदनेचे पैसे वेगळे. वेदनेचे पैसे ऐकून बायको म्हणाली, याची घडणावळ कोण लावते जी?

ते बिल मी जपून ठेवलंय. पण तुमची आठवण निघते ती आकड्यांवरून नाही.

शपथपत्राचा दिवस आठवतो? मे महिना, पंखा नुसता गरम हवा फिरवत होता, मागे रांग. टेबलावरच्या माणसाने माझा हात पाहिला आणि न विचारता पॅड उघडलं. तुम्ही त्याचं झाकण लावलं. म्हणाला, "मॅडम, लवकर." तुम्ही एवढंच म्हणालात, "सही करतील ते."

डाव्या हाताने लिहायचं तर कागद दाबायला उजवा लागतो, हे मला त्या टेबलापाशी समजलं. पेन टेकवला की कागदच सरकायचा. तुम्ही काही न बोलता त्यावर तळवा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिलात. माझ्याकडे बघितलं असतं तर मी पेन ठेवून दिला असता. आडनाव लिहिताना मागून कोणी तरी "च्" केलं, तरी तुमचा हात हलला नाही. सही झाली पहिलीतल्या पोरासारखी. तुम्ही वा छान वगैरे काही म्हणाला नाहीत. म्हणालात, "भाऊ, खाली तारीख पण टाका."

या सगळ्या फेऱ्यांत मला वाईट माणसं फारशी भेटली नाहीत हो, घाईतली भेटली. दुसऱ्याच्या वेळात उभं राहणारी दोन-तीनच. एक आमच्या गल्लीतला रिक्षावाला, मी चढेपर्यंत मीटर टाकायचा नाही.

गेल्या आठवड्यात रकमेसाठी बँकेत सहीचा नवा नमुना मागितला. काउंटरवर पॅड होतंच. मी म्हटलं, सही करतो. तीनदा केली, तिन्ही वेळा थोडी वेगळी आली, तरी चालली. कागद पोरीने धरला होता.

तुमचा,
इतवारीतला कारागीर